अडलेल्या कुत्रीचे बाळंतपण कोणाच्या खात्यावर?

कोल्हापूर – समजा, मार्गशीर्षातील थंडीची रात्र आहे. गल्लीच्या तोंडाशी, बंद दुकानाच्या पायरीखाली एक गाभण कुत्री दुपारपासून कण्हते आहे. कळा येत आहेत, पण पिल्लू बाहेर येत नाही. गल्लीतील चार मुले, एखादी गृहिणी आणि कोपऱ्यावरचा पानपट्टीवाला भोवती जमले आहेत. आता दूरध्वनी कोणाला करायचा? महापालिकेच्या आरोग्य विभागाला, पशुसंवर्धन खात्याला, की कोणीतरी सुचविलेल्या प्राणिमित्राला? वरवर पाहता प्रश्न केवळ भूतदयेचा वाटतो. थोडे खोलात गेल्यास त्याच्या मुळाशी कायदा, महापालिकेचे नियोजन आणि सार्वजनिक आरोग्य या तिन्ही गोष्टी आढळतात.

हाच प्रसंग करवीर किंवा कागल तालुक्यातील एखाद्या गोठ्यात म्हशीवर ओढवला असता, तर काय करायचे हे घरातील लहान मुलानेही सांगितले असते. १९६३ मध्ये स्थापन झालेल्या 'गोकुळ'सारख्या सहकारी दूध संघामुळे या जिल्ह्यात जनावरांच्या डॉक्टरला बोलावण्याची सवय गावोगाव रुजली आहे. शासनाची १९६२ या क्रमांकावरील फिरत्या पशुचिकित्सालयाची सेवाही प्रामुख्याने पशुपालकांच्या दारातील जनावरांसाठी आखलेली आहे. म्हशीला मालक असतो, तिच्या दुधाला दर असतो आणि तिच्या मरणाने घराचा हिशेब कोलमडतो. रस्त्यावरच्या कुत्रीला यातले काहीच नसते. ती कोणाच्याच वहीत नाही. म्हणून तिचे बाळंतपण अडले की ते ज्याच्या दारात अडते त्याच्या माथी येते.

कोल्हापूरकरांना मुक्या जिवांची कणव नाही, असे कोणी म्हणणार नाही. शिरोळ तालुक्यातील नांदणी मठाची महादेवी हत्तीण जुलै २०२५ च्या अखेरीस जामनगरच्या 'वनतारा' केंद्रात हलविण्यात आली, तेव्हा हजारो माणसे नांदणीहून कोल्हापूरपर्यंत चालत आली. त्या वादाच्या गुणदोषांत येथे शिरण्याचे कारण नाही. नाव असलेल्या, ओळख असलेल्या प्राण्यासाठी जिल्हा एकत्र येतो, एवढे त्यातून दिसले. निनावी प्राण्यासाठी मात्र व्यवस्था लागते, आणि उणीव नेमकी तिथे आहे.

नियमांच्या फटीत सापडलेली मादी

भटक्या कुत्र्यांच्या संख्यानियंत्रणाचे नियम देशात प्रथम २००१ मध्ये आले. त्यांत गाभण मादीविषयी स्पष्ट उल्लेख होता. तिचा गर्भपात करू नये, निर्बीजीकरणही करू नये आणि ती विईपर्यंत तिला सोडून द्यावे, असे ते नियम सांगत. हेतू निर्विवाद दयेचा होता. परंतु सोडून दिलेल्या मादीकडे पुन्हा कोणी जायचे, कधी जायचे आणि दरम्यान तिचे बाळंतपण अडले तर काय करायचे, याची उत्तरे कार्यक्रमाच्या आखणीत कधी ठळकपणे आली नाहीत. मार्च २०२३ मध्ये नवे 'प्राणी जन्म नियंत्रण नियम' लागू झाले आणि जबाबदारी स्थानिक स्वराज्य संस्थांची असल्याचे अधिक ठामपणे मांडले गेले. तरीही पकडणे, शस्त्रक्रिया करणे, लस टोचणे आणि जागेवर सोडणे या चार क्रियांभोवतीच सारी रचना फिरत राहिली. गाभण किंवा नुकतीच व्यालेली मादी या चौकटीत बसत नाही. गाडी तिला वगळून पुढे जाते आणि कागदोपत्री त्यात कोणाचाही दोष राहत नाही.

सर्वोच्च न्यायालयाच्या २०२५ मधील आदेशांनी हा प्रश्न अधिकच तीव्र केला. दिल्ली परिसरातील सर्व भटकी कुत्री निवारागृहात ठेवण्याचा ११ ऑगस्टचा आदेश २२ ऑगस्ट रोजी बदलण्यात आला. निर्बीजीकरण व लसीकरण करून कुत्र्यांना मूळ जागी सोडावे. रेबीज झालेली वा तसा संशय असलेली आणि आक्रमक कुत्री यांना मात्र सोडू नये, असे त्रिसदस्यीय पीठाने सांगितले व विषयाची व्याप्ती देशभर केली. त्यानंतर ७ नोव्हेंबरच्या आदेशाने शाळा-महाविद्यालये, रुग्णालये, क्रीडासंकुले, बसस्थानके आणि रेल्वेस्थानके येथील कुत्री हटवून ती पुन्हा तेथे न सोडण्यास बजावले. या साऱ्या जागा गाभण मादीच्या आवडीच्या असतात. आडोसा, ऊब आणि डब्यातले उरलेसुरले अन्न तिथेच मिळते. तेथून उचललेल्या माद्यांत काही गाभण असणारच. त्यांना दाटीवाटीच्या निवाऱ्यात ठेवल्यास पार्व्हो आणि डिस्टेंपर या रोगांपुढे नवजात पिल्लांचा निभाव लागणे कठीण असते. म्हणजे पूर्वी गल्लीत घडणारे अडलेले बाळंतपण आता निवारागृहाच्या दारात येणार, आणि तेथे प्रसूतीची खोली आहे का, हा प्रश्न विचारावाच लागणार.

बाळंतपण अडते कसे?

कुत्रीचा गर्भकाळ सरासरी ६३ दिवसांचा. एरवी १०१ ते १०२.५ अंश फॅरनहाइट असणारे तिचे तापमान विण्यापूर्वी साधारण १२ ते २४ तास ९९ अंशांच्या खाली उतरते. बहुतेक कुत्री कोणाच्याही मदतीवाचून वितात आणि त्यांच्यात माणसाने लुडबूड न करणेच हिताचे असते. परंतु जोरकस कळा अर्धा तास देऊनही पिल्लू न येणे, आत पिल्ले असताना दोन तासांहून अधिक खंड पडणे आणि पहिले पिल्लू येण्यापूर्वीच हिरवट-काळा स्राव दिसणे, ही धोक्याची चिन्हे मानली जातात. अशा स्रावाचा अर्थ वार गर्भाशयापासून सुटू लागली आहे आणि आतील पिल्लाचा प्राणवायू तुटतो आहे. तेथून पुढे मिनिटांचा हिशेब सुरू होतो.

रस्त्यावरच्या मादीच्या बाबतीत अडण्याची काही कारणे खास रस्त्याचीच असतात. गर्भाशय थकून कळा थांबणे किंवा पिल्लू आडवे येणे हे घरच्या कुत्रीतही घडते. मात्र पूर्वी वाहनाची धडक बसून कमरेचे हाड मोडलेले आणि ते वेडेवाकडे जुळलेले असेल, तर जननमार्गच अरुंद होतो. समागमातून पसरणारी जननेंद्रियांची गाठ हाही भारतातील भटक्या कुत्र्यांत सर्रास आढळणारा विकार असून ती गाठ पिल्लाची वाट अडवू शकते. अशा वेळी कळा वाढविणारे ऑक्सिटोसिनचे इंजेक्शन 'दुकानातून आणून' टोचणे हे जीवघेणे ठरते. वाट बंद असताना जोर वाढविला तर गर्भाशय फाटू शकते. तपासणी, क्ष-किरण किंवा सोनोग्राफी आणि गरज पडल्यास शस्त्रक्रिया, हाच मार्ग उरतो.

शस्त्रक्रियेच्या टेबलावर आणखी एक निर्णय उभा राहतो. पिल्ले काढतानाच गर्भाशय व अंडाशयही काढून टाकावे काय? ती पुन्हा कधी पकडली जाईल याची शाश्वती नसते, त्यामुळे अनेकदा हा पर्याय विचारात घेतला जातो. दूध येणे अंडाशयावर अवलंबून नसल्याने ती पिल्लांना पाजू शकते. दुसऱ्या बाजूला, आधीच थकलेल्या, रक्त गेलेल्या मादीवरील भुलेचा काळ लांबतो. हा निर्णय अर्थातच पशुवैद्यकाचा. परंतु त्यातून एक कटू सत्य पुढे येते. जी शस्त्रक्रिया वर्षभरापूर्वी दिवसाउजेडी, धडधाकट मादीवर, नियोजनपूर्वक व्हायला हवी होती, ती मध्यरात्री, सर्वाधिक धोका पत्करून आणि कोणा एका नागरिकाच्या पैशाने करावी लागते.

रात्र सरते, दोन महिने उरतात

अशा सुटकेच्या कथांत शस्त्रक्रिया यशस्वी झाली की पडदा पडतो. खरे काम तेथून सुरू होते. टाके ओले असलेल्या पोटाशी पिल्ले लुचत असतात. त्या मादीला दहा ते चौदा दिवस कोरडी, स्वच्छ जागा हवी. नवजात पिल्लांना सुरुवातीचे काही दिवस स्वतःची ऊब टिकविता येत नाही, म्हणून गुंडाळलेली गरम पाण्याची बाटली दुधाइतकीच महत्त्वाची ठरते. पहिल्या दिवसाचा चीक मिळाला नाही तर पिल्लांची प्रतिकारशक्ती लंगडी राहते. गाईचे दूध कुत्रीच्या दुधापेक्षा बरेच पातळ असते. ते पाजल्याने अनेकदा हगवणच लागते. दोन-तीन आठवड्यांनी मादीचे अंग थरथरू लागले, ती धापा टाकू लागली, तर रक्तातील कॅल्शियम घसरल्याची ती खूण असते आणि तातडीचे उपचार न मिळाल्यास मृत्यू ओढवतो. पिल्लांचे अंगावरचे दूध सुटण्यास सहा ते आठ आठवडे लागतात. म्हणजे एका रात्रीच्या धावपळीमागे किमान दोन महिन्यांची जागा, वेळ आणि खर्च उभा असतो. वन बीएचके सदनिकेत राहणाऱ्या आणि सोसायटीची नाराजी झेलणाऱ्या कुटुंबाने हे किती वेळा करावे?

इतके करूनही यशाची खात्री नसते. पश्चिम बंगालमधील संशोधकांनी ९५ वितांतील ३६४ पिल्लांचा मागोवा घेऊन २०१६ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. प्रजननक्षम वयापर्यंत त्यांतील केवळ १९ टक्के पिल्ले जगली आणि मृत्यूंपैकी ६३ टक्क्यांमागे वाहने, विषप्रयोग, मारहाण यांसारखी माणसाशी निगडित कारणे होती. रस्त्यावरील जन्म हा बहुतांशी मृत्यूचा प्रवेशद्वार असतो, हे त्या आकड्यांचे सार आहे. निर्बीजीकरणाला क्रूर म्हणणाऱ्यांनी ते आवर्जून लक्षात घ्यावे.

दया आणि दक्षता

या प्रश्नाची दुसरी बाजूही तितकीच खरी आहे. २०२४ च्या प्रारंभी कोल्हापुरात भटक्या कुत्र्याच्या चाव्यानंतर, लस घेऊनही, एका तरुणीचा रेबीजने मृत्यू झाला. त्या घटनेची भीती शहराच्या मनातून गेलेली नाही आणि ती अनाठायी म्हणता येणार नाही. पिल्ले सांभाळणारी मादी एरवी गरीब असली तरी जवळून जाणाऱ्या मुलावर धावून जाते. त्यातच, जिचे लसीकरण झाले की नाही हे ठाऊक नाही अशा अडलेल्या कुत्रीला उघड्या हातांनी धरणे धोक्याचे आहे. वेदनेत ती चावते. हातमोजे, तोंडाला सैल पट्टी आणि जाड चादर यांशिवाय तिला उचलू नये. चावा किंवा ओरखडा झालाच तर जखम साबणाने वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटे धुवून विनाविलंब छत्रपती प्रमिलाराजे रुग्णालय अथवा जवळचे आरोग्य केंद्र गाठावे. जखम खोल असल्यास लशीबरोबर इम्युनोग्लोब्युलिनही आवश्यक असते. नेहमी अशी कामे करणाऱ्या कार्यकर्त्यांनी प्रतिबंधक लस आधीच घेऊन ठेवणे शहाणपणाचे.

म्हणूनच 'कुत्री हवीत' आणि 'कुत्री नकोत' असे दोन तट पाडून काही साधणार नाही. २०१९ च्या पशुगणनेनुसार महाराष्ट्रात भटक्या कुत्र्यांची संख्या पावणेतेरा लाखांच्या घरात होती. २०३० पर्यंत कुत्र्यांमुळे होणारा रेबीज संपविण्याचा राष्ट्रीय आराखडा २०२१ मध्ये जाहीर झाला. त्यासाठी किमान ७० टक्के कुत्र्यांना लस मिळायला हवी. दर मोसमात लस न टोचलेल्या पिल्लांची नवी भर पडत राहिली, तर ही टक्केवारी हाती लागूनही निसटते. गल्लीतील अडलेली कुत्री आणि रुग्णालयातील लशीची रांग, ही एकाच साखळीची दोन टोके आहेत.

भाद्रपदाआधीचे काम

उपाय अवाढव्य नाहीत. कुत्री भाद्रपदात माजावर येतात हे आपल्याकडे पिढ्यान् पिढ्या ठाऊक आहे. त्यात ६३ दिवस मिळविले की कार्तिक-मार्गशीर्ष येतो, आणि गल्लोगल्ली पिल्लांची चिवचिव ऐकू येते ती याच दिवसांत. बाकीचे महिने पूर्णतः कोरडे नसतात. तरीही निर्बीजीकरणाचा सर्वाधिक जोर चैत्र ते श्रावण या काळात, आणि तोही प्रामुख्याने माद्यांवर असला पाहिजे. वर्षअखेरीस निविदा निघून पथक रस्त्यावर येईतो माद्या गाभण झालेल्या असतील, तर खर्च होतो आणि संख्या तशीच राहते.

वगळलेल्या गाभण मादीची प्रभागवार नोंद ठेवावी. छायाचित्र, जागा आणि विण्याचा अंदाजे आठवडा एवढे पुरे. पिल्लांचे दूध सुटताच पथकाने तिच्याकडे परत जावे. निवाऱ्यात गाभण व ओल्या बाळंतिणींसाठी चार-सहा वेगळे पिंजरे असावेत. रात्रीच्या अडलेल्या प्रसूतीसाठी शहरातील खासगी पशुवैद्यकांची पाळीपाळीने उपलब्धता ठरवून त्यांचे शुल्क महापालिकेने ठराविक मर्यादेत सोसावे. महामार्गावरील शिरवळच्या क्रांतिसिंह नाना पाटील पशुवैद्यक महाविद्यालयासारख्या संस्थेशी प्रशिक्षणासाठी करार करणेही अशक्य नाही. आणि गल्लीतील ज्यांनी त्या मादीला रोज भाकरी घातली, त्यांनी तिच्या कानावर शस्त्रक्रियेची खूण आहे की नाही हे पाहून कळविण्याचे काम अंगावर घ्यावे. खाऊ घालणे आणि निर्बीजीकरणाला हात लावू न देणे, ही दया अर्धवट आहे.

पायरीखाली कण्हणाऱ्या त्या कुत्रीसाठी त्या रात्री कोणीतरी धावून जाईल; कोल्हापुरात अशी माणसे निघतात. पण त्यांच्या धावण्यावर महापालिकेने किती वर्षे विसंबून राहायचे? हा हिशेब भाद्रपदाआधी मांडायचा की मार्गशीर्षातील मध्यरात्री, एवढेच आता ठरवायचे आहे.