चरबीची सुई: जाहिरात कुणाला, गरज कुणाला?

खांदा कॉलनी आणि आसपासच्या वस्त्यांतली आपली मुलं-मुली शिकली, कामाला लागली. खांदेश्वर स्टेशनवर लोकल पकडून वाशी, बेलापूर, मुंबईला जाऊ लागली. त्यांच्या हातात मोबाईल आहे, आणि मोबाईलवर शरीराचा बाजार आहे. ‘पोटाची चरबी काढा आणि हवी तिथे भरा’, ‘सकाळी या, संध्याकाळी घरी जा’, ‘सोप्या हप्त्यांत शरीराला नवा आकार’ अशा जाहिराती बघून घरोघरी प्रश्न विचारला जातो की, यात वाईट काय? आपलीच चरबी, आपल्याच अंगात! या प्रश्नाला सरळ उत्तर दिलं पाहिजे.

आधी ही शस्त्रक्रिया काय आहे ते समजून घेऊ. पोट, मांड्या किंवा कंबरेत औषधमिश्रित पाणी सोडतात. मग बारीक पोकळ नळी आत घालून चरबी ओढून घेतात. ती स्वच्छ करून सुईने गाल, छाती किंवा नितंबात थोडी थोडी भरतात. याला फॅट ट्रान्सफर किंवा फॅट ग्राफ्टिंग म्हणतात. ही काही कालपरवाची फॅशन नाही. १८९३ मध्ये जर्मनीतील शल्यविशारद गुस्ताव नॉयबर यांनी हाताची चरबी काढून चेहऱ्यावरच्या व्रणाचा खड्डा भरला होता. म्हणजे या उपचाराचा जन्म जखमी माणसाचा चेहरा सावरण्यासाठी झाला. पुढे १९७० च्या दशकात इटली आणि फ्रान्समध्ये नळीने चरबी ओढण्याचं तंत्र आलं आणि हळूहळू त्याचा धंदा झाला.

जाहिरात जे सांगत नाही ते आता ऐका. भरलेली सगळी चरबी टिकत नाही. तिला नव्या जागी रक्तपुरवठा मिळाला तर ती जगते, नाही तर शरीर ती शोषून घेतं. किती टिकेल हे कोणताही डॉक्टर आधी छातीठोक सांगू शकत नाही. म्हणून पुष्कळदा दुसऱ्यांदा टेबलावर जावं लागतं, आणि दुसऱ्यांदा पैसे मोजावे लागतात. छातीत भरलेल्या चरबीच्या कधी गाठी होतात आणि पुढे तपासणीत त्या कॅन्सरच्या तर नाहीत ना, असा घोर लागतो. नाक-कपाळाच्या भागात सुई चुकून रक्तवाहिनीत गेली तर दृष्टी जाऊ शकते.

सगळ्यात मोठा धोका नितंबात चरबी भरताना असतो. तिथल्या स्नायूंत मोठ्या शिरा आहेत. चरबी त्यांत शिरली तर ती थेट हृदय आणि फुप्फुसांकडे जाते आणि माणूस टेबलावरच दगावू शकतो. जगभरच्या सर्जनांकडून माहिती घेऊन २०१७ मध्ये काढलेल्या अंदाजानुसार या शस्त्रक्रियेत सुमारे ३,००० पैकी एका व्यक्तीचा मृत्यू होत होता. केवळ दिसण्यासाठी केलेल्या शस्त्रक्रियेला हे प्रमाण भयंकर आहे. २०१८ मध्ये ब्रिटनच्या सौंदर्य-शल्यविशारदांच्या संघटनेने आपल्या सदस्यांना ही शस्त्रक्रिया तूर्त करू नका असा सल्ला दिला होता. चरबी नुसती काढणंही पूर्ण निर्धोक नाही. मे २०२२ मध्ये बंगळुरूत चेतना राज ही कन्नड मालिकांतली अवघ्या २१ वर्षांची अभिनेत्री चरबी कमी करण्याच्या शस्त्रक्रियेनंतर मरण पावली.

आपल्या घरांसाठी आणखी दोन गोष्टी महत्त्वाच्या आहेत. पहिली, रक्त. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या सुमारे ५४ टक्के स्त्रियांच्या अंगात रक्त कमी आढळलं. जिच्या अंगात आधीच रक्त नाही, तिने हौसेसाठी रक्त सांडायला जावं का? दुसरी, सिकलसेल. पनवेल परिसरात विदर्भातून पोटापाण्यासाठी आलेली अनेक कुटुंबं राहतात, आणि विदर्भातल्या आपल्या समाजात हा आनुवंशिक आजार मोठ्या प्रमाणावर आढळतो. शस्त्रक्रियेच्या वेळी प्राणवायू कमी पडला, अंगातलं पाणी कमी झालं किंवा अंग गार पडलं, तर सिकलसेलच्या रुग्णाच्या रक्तपेशी विळ्यासारख्या वाकतात आणि रक्तवाहिन्या तुंबतात. असह्य वेदना होतात, जीवही जाऊ शकतो. नुसता वाहक असला तरी भूल देणाऱ्या डॉक्टरला ते ठाऊक असलंच पाहिजे. सिकलसेलची तपासणी साधी आहे आणि सरकारी दवाखान्यात होते. शस्त्रक्रिया कोणतीही असो, ही तपासणी आधी करून घ्या.

आता पैशाचं. केवळ सौंदर्यासाठी केलेल्या शस्त्रक्रियेचा खर्च आरोग्य विमा देत नाही. पण अपघात, भाजणं किंवा कॅन्सर यांनंतर शरीर पूर्ववत करण्यासाठी प्लास्टिक सर्जरी लागली, तर विम्याच्या नियमात त्याला सूट आहे. कराचंही तसंच. आरोग्यसेवेला जीएसटी माफ आहे, पण हौसेच्या कॉस्मेटिक सर्जरीला नाही. जन्मजात व्यंग किंवा दुखापत दुरुस्त करायची असेल, तरच माफी मिळते. म्हणजे हौस आणि गरज यांच्यामधली रेष नियमांनीच आखून ठेवली आहे. जाहिरात मात्र ती पुसते आणि हौसेलाच गरज म्हणून विकते. वर कर्जाचा हप्ता! चरबी विरघळून जाते, हप्ता विरघळत नाही.

आणि ज्यांना खरी गरज आहे त्यांचं काय? आपल्या वस्त्यांत स्टोव्हच्या भडक्यात भाजलेल्या भगिनी आहेत. चेहऱ्यावर, मानेवर, छातीवर व्रण घेऊन त्या वर्षानुवर्षं पदर ओढून जगतात. कॅन्सरमुळे स्तन काढावा लागलेल्या मायमाउल्या आहेत. ताठर झालेला व्रण मऊ करायला, खोल गेलेला भाग भरून काढायला हीच चरबीची सुई उपयोगी पडते. आखडलेली मान किंवा बोटं सोडवायला त्वचारोपणासारखी वेगळी शस्त्रक्रिया लागते, तीही प्लास्टिक सर्जनच करतात. पण या भगिनींच्या मोबाईलवर कोणी जाहिरात पाठवत नाही. त्यांच्याकडून नफा नाही ना!

म्हणून माझं म्हणणं असं की, ज्या उपचाराची जाहिरात धडधाकट मुलींना होते, त्याची माहिती भाजलेल्या आणि कॅन्सरमधून उठलेल्या स्त्रियांपर्यंत पोहोचवणं हे आपलं काम आहे. खांदेश्वरहून हार्बर लाईनने सँडहर्स्ट रोडला उतरलं की जे. जे. रुग्णालय जवळ आहे. मुंबईत केईएम, सायन आणि नायर ही महापालिकेची रुग्णालयं आहेत. या सगळ्यांत प्लास्टिक सर्जरीचे विभाग आहेत. ठाण्याच्या लोकलने ऐरोलीला गेलं तर तिथे नॅशनल बर्न्स सेंटर आहे. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत भाजलेल्या रुग्णांच्या उपचारांचा समावेश आहे. आपला उपचार त्यात बसतो का, हे योजनेच्या रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला विचारा. धर्मादाय रुग्णालयांना १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवाव्या लागतात. हा आपला हक्क आहे, तो मागून घ्या.

कोणी म्हणेल, शरीर माझं, पैसा माझा, तुम्ही कोण सांगणारे? प्रश्न रास्त आहे. सज्ञान स्त्रीच्या शरीराचा निर्णय तिचाच. नवऱ्याचा नाही, सासूचा नाही आणि या पानाचाही नाही. पण अर्धी माहिती देऊन घेतलेली सही म्हणजे संमती नव्हे. आणि ती मुलगी तिथवर का पोहोचली, हेही विचारा. ‘जाडी’, ‘काठी’, ‘सपाट’ हे शब्द तिने पहिल्यांदा कुठे ऐकले? बहुधा आपल्याच घरात, लग्नाच्या बोलणीत, हळदीच्या मांडवात. मुलगी पसंत करायला जाऊन तिच्या अंगाची चर्चा करणारे आपणच आहोत. त्या जाहिरातवाल्याचं अर्धं काम आपण फुकट करून देतो. ते आधी थांबवा. पोरांनाही सोडत नाही आपण. छाती थोडी सुटलेल्या मुलाला चिडवून चिडवून तोही सर्जनचा पत्ता शोधू लागतो.

तरीही कोणी ठरवलंच असेल, तर हे प्रश्न तोंडावर विचारा. डॉक्टरची पदवी प्लास्टिक सर्जरीतली, म्हणजे एम.सी.एच. किंवा डी.एन.बी., आहे का? महाराष्ट्र वैद्यक परिषदेकडे नोंदणी आहे का? भूलतज्ज्ञ शेवटपर्यंत हजर असणार का? जीव धोक्यात आला तर अतिदक्षता विभाग त्याच इमारतीत आहे का? चरबी त्वचेखाली भरणार की स्नायूत? स्नायूत म्हणाले तर उठून चालू लागा. संमतीपत्र मराठीत मागा, घरी आणून वाचा, त्याच दिवशी सही करू नका. पक्की पावती घ्या. फसवणूक झाली तर ग्राहक हेल्पलाईन १९१५ आहे. शस्त्रक्रियेनंतर धाप लागली, छातीत दुखलं, भान हरपू लागलं किंवा पोटरी सुजली, तर सकाळची वाट पाहू नका, १०८ ला फोन करा. आणि घरच्यांपासून लपवून जाऊ नका. अडचणीच्या वेळी धावून येणारं माणूस सोबत हवंच.

वस्तीतल्या महिला मंडळांना आणि बचत गटांना शेवटची विनंती. येत्या महिन्यात आपल्या गल्लीतली प्रत्येक भाजलेली आणि स्तनाच्या कॅन्सरमधून उठलेली भगिनी शोधा. तिला विचारा, तिची तयारी असेल तर दोघींनी सोबत जाऊन तिला प्लास्टिक सर्जरीच्या ओपीडीत दाखवा. केस पेपर काढायला, रांगेत उभं राहायला, डॉक्टरचं बोलणं समजून घ्यायला सोबत लागते. ती सोबत एवढंच आपल्याकडून हवं आहे.