ताण द्यायचा कुणी आणि निस्तरायचा कुणी?

काही वर्षांपूर्वी पुण्यातल्या एका खासगी कंपनीच्या अकाउंट्स विभागात मी काम करत होतो. मार्च महिना होता. सात जणांच्या टीममधले दोघं सोडून गेले होते. त्यांच्या जागा भरल्या नव्हत्या, काम मात्र सात जणांचंच होतं. महिनाभर रात्री दहाच्या आत घरी गेल्याचं आठवत नाही. अशात एचआरचा मेल आला. शनिवारी ताण व्यवस्थापनाची कार्यशाळा, उपस्थिती अनिवार्य. शनिवार आमच्या सुट्टीचा दिवस!

वक्त्यांनी दीर्घ श्वास घ्यायला शिकवलं, डोळे मिटून बसायला लावलं. परिस्थिती बदलता येत नसेल तर दृष्टिकोन बदला, असं सांगितलं. मी हात वर करून विचारलं, ‘‘ती दोन माणसं कधी मिळणार?’’ सगळे हसले, साहेबही हसले. उत्तर कुणीच दिलं नाही.

माझी तक्रार श्वासाच्या व्यायामाबद्दल नाही. माणसं किती, काम किती आणि ते कधीपर्यंत, हे तिन्ही ज्याच्या हातात आहे तो नामानिराळा राहतो आणि ज्याच्या हातात यातलं काहीच नाही त्याला ‘ताण हाताळायला शिक’ म्हणून सांगितलं जातं, याबद्दल आहे. जागतिक आरोग्य संघटनेने 2019 साली ‘बर्नआउट’ची व्याख्या केली, ती कामाशी निगडित बाब म्हणून, आजार म्हणून नव्हे. ब्रिटनमध्ये कामातून येणाऱ्या ताणाची जोखीम तपासणं हे कायद्याने मालकाचं कर्तव्य आहे. तिथली सरकारी यंत्रणा त्यासाठी सहा गोष्टी पाहायला सांगते : कामाचा बोजा, कामावरचा ताबा, वरिष्ठांचा आधार, आपसातले संबंध, जबाबदारीची स्पष्टता आणि बदल राबवण्याची पद्धत. सहाही गोष्टी व्यवस्थापनाच्या अखत्यारीतल्या आहेत.

आपल्याकडे काय होतं? 2024 साली पुण्यात एका तरुण चार्टर्ड अकाउंटंटचा मृत्यू झाला. कामाच्या ओझ्याने मुलगी गेली, असं पत्र तिच्या आईने कंपनीच्या प्रमुखांना लिहिलं. त्यावर अर्थमंत्री निर्मला सीतारामन यांनी चेन्नईतल्या एका कार्यक्रमात, मुलांना ताण पेलायला घरांनी आणि महाविद्यालयांनी शिकवावं, आंतरिक बळ ईश्वरावरच्या श्रद्धेतून येतं, अशा आशयाचं भाष्य केलं. टीका झाल्यावर, कुणाला दोष देण्याचा हेतू नव्हता, असा खुलासाही केला. हेतू नसेलही. पण कामाचे तास ठरवणाऱ्यांपेक्षा आईबाप आणि शिक्षक आधी आठवले, हे खरं.

श्रद्धेचा विषय निघालाच आहे म्हणून सांगतो. त्या मार्चमध्ये माझी अम्मीही रोज म्हणायची, ‘‘सब्र कर बेटा, नौकरी है.’’ आजारपण, मृत्यू, दुष्काळ यांत सब्र मी समजू शकतो. पण टार्गेट आभाळातून पडत नाही, ते मीटिंगमध्ये बसून कुणीतरी ठरवतं. बुखारींच्या हदीससंग्रहात पैगंबरांचं एक सांगणं आहे. त्याचा आशय असा की, हाताखालचे लोक तुमचे भाऊ आहेत, त्यांना झेपणार नाही असं काम लादू नका आणि लादलंच तर स्वतः मदतीला जा. हे मालकाला उद्देशून आहे. आपण मात्र नोकराला सब्र शिकवतो आणि मालकाला ही हदीस ऐकवत नाही.

महाराष्ट्राच्या 2017च्या दुकाने व आस्थापना कायद्यात दिवसाला नऊ आणि आठवड्याला 48 तासांची मर्यादा आली, जादा कामाला दुप्पट मजुरीही आली. पण व्यवस्थापकीय पदांना त्यातून वगळलेलं आहे. म्हणून कंपन्यांत जिकडेतिकडे ‘डेप्युटी मॅनेजर’ दिसतात, ज्यांच्या हाताखाली शिपाईसुद्धा नसतो. 2025 साली राज्य मंत्रिमंडळाने नऊ तासांचे दहा करायला मंजुरी दिली. कामाच्या वेळेनंतर फोन न उचलण्याचा हक्क मागणारं विधेयक सुप्रिया सुळे यांनी 2018 साली लोकसभेत मांडलं होतं. ते खासगी विधेयक होतं, कायदा झालाच नाही.

मग माणसाची स्वतःची काहीच जबाबदारी नाही का? आहे. झोप, चालणं, नमाज, मित्र यांचा आधार मीही घेतो. पण हा आधार काम माणसाच्या आवाक्यात असेल तरच पुरतो. पाच जणांवर सात जणांचं काम टाकलं तर श्वास कितीही दीर्घ घ्या, दोन जणांचं काम उरतंच.

आपल्या मुलांची अडचण आणखी वेगळी आहे. घरातले पहिलेच कंपनीत गेलेले, वर घराचं कर्ज. ‘आधीच आपल्याला सहजासहजी घेत नाहीत, त्यात कटकट्या म्हणून नाव नको,’ ही भीती मी स्वतः जगलो आहे. म्हणूनच सांगतो, एकट्याने बोलू नका. टीममधल्या सगळ्यांनी मिळून बोला. रोजचे तास लिहून ठेवा, माणसं कमी आहेत हे मेलवर मागा, तोंडी नको.

शेवटी मी राजीनामा दिला. दोन महिन्यांत तिन्ही जागा भरल्याचं जुन्या सहकाऱ्याने कळवलं. म्हणजे पैसा होता, माणसंही मिळत होती. आम्ही पाच जण ओढतोय तोवर भरतीची घाई कुणालाच नव्हती.