घोडे कशाला?

"सर, ड्रोनच्या जमान्यात घोडे कशाला?" असं विचारणाऱ्या तरुण अधिकाऱ्यांचा मला राग येत नाही. राग येतो तो "व्यक्तिमत्त्व विकासासाठी" असं पुळचट उत्तर देणाऱ्या माझ्याच पिढीचा.

त्यांनी एकदा कुमाऊंच्या चीर पाइनच्या जंगलात यावं. एप्रिल-मेमध्ये इथल्या उतारांवर पिरूल, म्हणजे पाइनच्या वाळक्या सुया, साचलेलं असतं. तेल सांडल्यासारखं निसरडं. रिंगणातली ऐट तिथे पाच मिनिटांत उतरते. घाबरून लगाम खेचला की घोड्याची मान अडकते, तोल जातो. लगाम सैल सोडायचा, घोडा उताराला सरळ ठेवायचा आणि पाऊल कुठे टाकायचं ते त्याला ठरवू द्यायचं. वीस-बावीस वर्षं हुकूम सोडलेल्या माणसाला हे किती जड जातं!

आणि जावं जोडीनेच. माझा कोर्समेट पुढे, मी घोडाभर अंतर राखून मागे. तो उतरून तंग आवळत असेल तर मी हलायचं नाही. एक घोडा निघाला की दुसरा थांबत नाही. मग मित्राचा एक पाय रिकिबीत, दुसरा जमिनीवर. चढणीला ज्याचा घोडा दमेल, वेग त्याचा. (घाई असेल त्याने मोटारसायकल घ्यावी.)

सहकाऱ्याची काळजी या विषयावर आपण स्लाइडसकट व्याख्यानं ठेवतो. त्याऐवजी दोन कॅप्टनांना दोन घोडे द्या, एखाद्या जाणत्या सवाराबरोबर सकाळी सहाला जंगलात पाठवा. तबेल्याच्या फाइलवर 'करमणूक' असा शेरा मारायचाच असेल, तर साहेबांनी आधी एक उतार उतरून दाखवावा.