थांब्याचे सोने

विमानाचा प्रवास जलद झाला, पण प्रवासी काही लवकर पोहोचत नाही. दोन तास उडायचे आणि पुढच्या विमानासाठी दहा तास बसून राहायचे, हा अनुभव आता घरोघरी माहीत झाला आहे. अमेरिकेहून सुटीवर येणारी मुले, नातवंडांना भेटायला निघालेले आजी-आजोबा, नागपूरहून गोव्याला चाललेले कुटुंब, सगळ्यांच्या तिकिटावर असा एखादा लांबलचक थांबा असतोच. मग लोखंडी खुर्चीवर पाय दुमडून झोपायचे, चहाला चौपट पैसे मोजायचे आणि घड्याळाकडे बघत जांभया द्यायच्या. या वेळेला आपण 'फुकट गेलेला वेळ' म्हणतो. तो खरोखर फुकट जायलाच हवा का?

हा प्रश्न आज विचारायला एक कारण आहे. 25 डिसेंबर 2025 पासून नवी मुंबईच्या विमानतळावरून प्रवासी वाहतूक सुरू झाली. आजवर मुंबईत विमानाची वाट पाहणे म्हणजे अंधेरी-सांताक्रूझच्या गर्दीत अडकणे होते. बाहेर पडावे तर गेटवे गाठेपर्यंतच जीव मेटाकुटीला यायचा. नवा विमानतळ मात्र पनवेलच्या दाराशी आहे आणि पनवेलच्या पाठीशी कर्जत-खालापूरचा सारा मुलूख उभा आहे. मोठ्या शहराकडे तोंड करून बसलेल्या प्रवाशाने एकदा मान वळवून सह्याद्रीकडे पाहावे, एवढेच आमचे सांगणे आहे.

थांबा ही या मुलखाला नवी गोष्ट नाही. किंबहुना हा मुलूख थांब्यावरच वाढला. कर्जतजवळ राजमाचीच्या पायथ्याशी कोंडाण्याची बौद्ध लेणी आहेत, दोन हजार वर्षांपूर्वीची. कोकणच्या बंदरांतून घाटावर जाणाऱ्या वाटेच्या कडेला ती कोरली गेली. पावसाळ्यात भिक्षूंनी एका जागी राहायचे, हा त्यांचा नियम. वाटेने जाणाऱ्या-येणाऱ्यालाही तिथे टेकता येत असेल. कान्हाचा शिष्य बलक याने हे केले, अशा अर्थाचा लहानसा लेख तिथल्या दगडावर आहे. थांबलेल्या माणसांनी काय करून ठेवले, याचा याहून चांगला पुरावा कोणता?

पुढे आगगाडी आली. 1863 मध्ये बोरघाटातून रेल्वे सुरू झाली. घाट चढण्यासाठी गाडीला मागून जादा इंजिने लावावी लागत, म्हणून गाड्या कर्जतला थांबू लागल्या. त्या काही मिनिटांच्या सक्तीच्या थांब्याने महाराष्ट्राला काय दिले? कर्जतचा बटाटेवडा! दिवाडकरांच्या वड्यासाठी खिडकीतून हात बाहेर न काढलेला पुण्याचा प्रवासी विरळाच. इंजिन लागायला वेळ लागतो म्हणून कोणी हळहळत बसले नाही. त्या वेळेचा वडा झाला, अनेकांची चूल पेटली आणि प्रवाशांच्या आठवणीत गावाचे नाव राहिले.

मग विमानाच्या थांब्याचे असे का होऊ नये? सिंगापूरच्या विमानतळावर पुरेसा वेळ हाताशी असलेल्या प्रवाशांना शहराची फुकट सहल घडवतात. इस्तंबूललाही तशी सोय आहे. आपल्याकडे मात्र अशा प्रवाशाला खुर्चीशिवाय काही देऊ करण्याचा विचार क्वचितच होतो.

आता हिशेब मांडू. दोन विमानांत दहा तासांचे अंतर आहे, असे धरा. बाहेर पडायला एक तास आणि परत येऊन सोपस्कार करायला दोन. कशेळ्यापर्यंत जायला दीड तास आणि यायला दीड. वाटेतल्या खोळंब्यासाठी एक तास राखून ठेवा, कारण पनवेलचा रस्ता कोणाचा मिंधा नाही. हाती उरतात तीन तास. आठ तासांचा थांबा असेल तर उरतो एकच, मग बाहेर पडण्याचा मोह न केलेला बरा. सामान पुढच्या विमानात परस्पर जाणार की आपल्या गळ्यात येणार, हे आधीच विचारून घ्यावे. आणि सोबत परदेशी नागरिक असेल तर त्याच्याकडे व्हिसा हवा.

तीन तासांत काय होते, असे कोणी विचारील. कर्जतहून मुरबाडच्या रस्त्याला लागले की कशेळे येते. आजूबाजूच्या ठाकूर-कातकरी वाड्यांची ही बाजारपेठ. खांडसहून भीमाशंकरचा घाट चढणारे यात्रेकरू आणि पेठच्या किल्ल्यावर निघालेली तरुण मंडळी इथूनच पुढे जातात. तुम्ही पुढे जाऊ नका. किल्ला आणि लेणी वेगळ्या दिवसासाठी ठेवा. भाताच्या खाचरांच्या बांधावरून चालावे, तांदळाची भाकरी खावी, समोरचा डोंगर डोळे भरून पाहावा. याच कशेळ्यात अकॅडमी ऑफ डेव्हलपमेंट सायन्स या संस्थेने आदिवासींसाठी धान्य बँकेचा प्रयोग केला. पावसाळ्यात घरातले धान्य संपले की बँकेतून उसने न्यायचे आणि सुगी झाली की थोडे वाढवून परत करायचे. सावकाराच्या दारी जाणे त्यामुळे टळले. मुंबईच्या इतक्या जवळ माणसे भुकेचा हिशेब असा मांडतात, हे आपल्या मुलांना कळले तर ते तीन तास कोणत्याही मॉलपेक्षा मोलाचे ठरतील.

यावर एक आक्षेप येणार आणि तो खोटा नाही. कर्जतला शहरी माणूस आधीच पुष्कळ येतो. पावसाळ्यातल्या शनिवार-रविवारी धबधब्यांखाली बाटल्यांचा खच पडतो, शेतांच्या जागी फार्महाऊसची कुंपणे उभी राहतात. त्यात विमानाचे प्रवासी कशाला? पण कुंपण घालणारा पाहुणा वेगळा आणि भाकरी खाऊन, पैसे मोजून, संध्याकाळी परत जाणारा पाहुणा वेगळा. पहिला जमीन घेतो, दुसरा फक्त वेळ देतो. गावाला दुसरा परवडतो, मात्र त्याची व्यवस्था गावाच्या हाती हवी. बचत गटांच्या बायांनी जेवण द्यावे, वाडीतल्या पोरांनी वाट दाखवावी, दिवसाला किती माणसे घ्यायची ते ग्रामपंचायतीने ठरवावे आणि विमानतळाने ठरावीक वेळेची, परतीची हमी असलेली गाडी सोडावी. यात अवघड असे काय आहे?

विमानतळासाठी उलव्याची टेकडी कापली गेली, नदीचा प्रवाह वळवला गेला, दहा गावे उठली. एवढे मोल रायगड जिल्ह्याने दिले आहे. त्या बदल्यात डोक्यावरून जाणाऱ्या विमानांचा आवाज तेवढा त्याच्या वाट्याला यावा, हे न्यायाचे नाही. धावपट्टीचा फायदा डोंगरापर्यंत पोहोचायचा, तर कोणीतरी तिथवर जायला हवे. पुढच्या खेपेस तिकिटावर दहा तासांचा थांबा दिसला की कपाळाला आठ्या घालू नका. ती दहा तासांची रजा आहे, न मागता मिळालेली. ती कुठे घालवायची, एवढेच आपण ठरवायचे आहे.