अर्धलीची शेळी आणि बिनव्याजी बँक

पुणे-नगर रस्त्याला आमच्या सुप्यात एक गॅरेज आहे. मालकांना सारे गाव चाचा म्हणते. एमआयडीसी वाढली, वाहने वाढली, चाचांचे कामही वाढले. पण लेथ मशीन काही आले नाही. परवा धाकट्या मुलाने बँकेचा कर्जाचा अर्ज आणला. चाचांनी चष्मा लावून तो वाचला आणि घडी करून परत दिला. "व्याज घ्यायचं नाही, द्यायचंही नाही. बापानं एवढंच शिकवलं." बचत खात्यावर पडणारे व्याजसुद्धा ते घरात वापरत नाहीत, गरजूला देऊन टाकतात. मुलगा चिडून निघून गेला. खरे सांगायचे तर मीही मनातून त्याच्याच बाजूचा होतो. आयुष्यभर शाळेत सरळव्याज-चक्रवाढव्याज शिकवलेल्या मास्तराचे दुसरे काय होणार?

घरी येताना मात्र आजोबांच्या शेळ्या आठवल्या. आजोबा शेळी अर्धलीने देत. शेळी त्यांची, चारणे-राखणे दुसऱ्याचे. करडे झाली की निम्मी निम्मी. शेळी दगावली तर आजोबांची शेळी गेली आणि राखणाऱ्याची वर्षाची पायपीट गेली. वसुलीसाठी कुणी कुणाच्या दारात उभे राहिले नाही. इस्लामी अर्थव्यवहारात यालाच मुदारबा म्हणतात. एकाचे भांडवल, दुसऱ्याचे श्रम. नफा ठरल्या हिश्श्याने आणि बुडाले तर भांडवल देणाऱ्याचे. व्याज निषिद्ध म्हणजे पैसे फुकट वाटा, असे नव्हे. तोट्यात वाटा न उचलता नुसत्या पैशावर ठरलेली वाढ मागू नका, एवढेच त्याचे म्हणणे.

आमच्या पारनेर तालुक्यासारख्या दुष्काळी मुलखाला हे कळायला जड जाऊ नये. इथला शेतकरी व्याजाच्या दराने जितका बुडाला, तितकाच पाऊस न आल्याचा सगळा तोटा एकट्याच्या पदरात पडल्यामुळे बुडाला. १२ मे १८७५ रोजी सुप्यात सावकारांविरुद्ध दंगा झाला. (ते सुपे आमचे नव्हे, पुणे जिल्ह्यातले. पाहुणेमंडळी हा घोळ हमखास करतात.) पण त्याची धग आमच्या तालुक्यालाही लागली. दंगेखोरांचा डोळा मुख्यतः कर्जरोख्यांवर होता. ते हाती आले की जाळायचे. या संतापाला कायद्याचाही हातभार होता. १८५९ च्या मुदतीच्या कायद्याने रोख्याचे आयुष्य तीन वर्षांवर आणले, हेतू कुणब्याला वाचवण्याचा. सावकार दर तीन वर्षांनी नवा रोखा लिहून घेऊ लागला आणि थकलेले व्याज मुद्दलात जाऊन बसले. १८७९ मध्ये दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी वेगळा कायदा झाला, तेव्हा कुठे न्यायालयाला रोख्यामागचा हिशेब उकरून पाहता येऊ लागला. आपल्या धर्मशास्त्रातही दामदुपटीचा नियम होताच. एका वेळी वसूल होणारे व्याज मुद्दलापेक्षा जास्त नको. लगाम घालावासा वाटला तो एकाच धर्माला नव्हे.

आज तीन लाखांपर्यंतचे पीककर्ज वेळेत फेडले तर शून्य टक्के व्याजाने पडते. चांगली गोष्ट आहे. पण तिथे व्याज सरकार भरते, कांद्याचा भाव पडला तर मुद्दलाचे ओझे शेतकऱ्याच्याच डोक्यावर. बिनव्याजी झाले, अर्धलीचे नाही झाले.

चाचांसाठी इस्लामी बँकेने लेथ स्वतः विकत घेतली असती आणि आपला नफा उघड सांगून त्यांना हप्त्याने विकली असती. आपल्या बँकेला ते जमत नाही. १९४९ च्या बँकिंग नियमन कायद्याने तिला मालाची खरेदी-विक्री मना आहे. रघुराम राजन समितीने २००८ मध्ये बिनव्याजी बँकिंगची शिफारस केली होती. २०१७ मध्ये रिझर्व्ह बँकेने तो विषय पुढे न नेण्याचे ठरवले. बँकसेवेची संधी सर्व नागरिकांना सारखीच आहे, हे कारण दिले. ब्रिटनने वेगळा विचार केला. बँकेने घर घेऊन ग्राहकाला विकायचे तर मुद्रांक शुल्क दोनदा पडे. २००३ मध्ये तो दुहेरी भार काढला.

नाव बदलले की व्यवहार पवित्र होतो, असे मात्र मला मुळीच वाटत नाही. हप्त्यावरचा नफा आणि व्याज यांत पुष्कळदा कागदापुरताच फरक उरतो, ही टीका मुस्लिम अर्थतज्ज्ञच करतात. २०१९ मध्ये बंगळुरूची आयएमए ही ‘हलाल’ गुंतवणूक कंपनी कोसळली आणि हजारो कुटुंबांची पुंजी अडकली. धर्माचे नाव आले की हिशेब मागायची लाज वाटते, हे सगळ्याच धर्मांत आहे. अर्धलीत लपवाछपवी अवघड, कारण करडे किती झाली ते सारी आळी बघत असते. बँकेच्या साहेबाला गॅरेजचा रोजचा गल्ला कसा दिसणार? म्हणूनच हा प्रयोग गावातल्या माणसांना ओळखणाऱ्या पतसंस्थांकडून, लहान रकमांपासून आणि सक्तीच्या हिशेबतपासणीसह व्हावा, त्याला कायद्याने जागा द्यावी आणि तो सर्व धर्मीयांना खुला असावा, असे माझे मत आहे. कांदा लावणाऱ्यालाही तो तितकाच हवा आहे.

चाचांची लेथ गेल्या आठवड्यात आली. मेहुण्याने घेऊन दिली, कमाई निम्मी निम्मी. वही घातली आहे, पण करारपत्र नाही. "उद्या भांडण झालं तर?" मी विचारले. "तेवढं तुम्हीच लिहून द्या की, मास्तर." भागीदारीचा १९३२ चा कायदा काढून सध्या मी बसलो आहे.