जागरण म्हणजे अभ्यास नव्हे
2024-25 पासून महाराष्ट्रातील संलग्न महाविद्यालयांतही नवे शैक्षणिक धोरण लागू झाले. सत्रभर अंतर्गत मूल्यमापन होत असल्याने शेवटच्या आठवड्यातील जागरणावर निभाव लागत नाही. निमगाव केतकीहून बारामती-इंदापूरला शिकायला जाणाऱ्या मुलांचा बराच वेळ प्रवासात जातो आणि कात्री लागते ती झोपेला. पण वाचलेले मेंदूत पक्के होते ते बरेचसे झोपेतच. रोज किमान 7 तास झोपा. परतीच्या एसटीत वही मिटून आजचा धडा आठवून पाहा. अडले तेवढेच घरी वाचा. आठवड्याने पुन्हा आठवा.

पालकांनो, दोन आठवडे झोप-भूक बिघडली, मूल गप्प राहू लागले, तर त्याला आळशी म्हणू नका; डॉक्टरांना दाखवा. टेली-मानसचा 14416 हा क्रमांक मोफत आहे.