तोफांपलीकडचे बडोदे

परवा येथील एका संस्थेच्या चालकांनी मला बोलावणे पाठविले. शाळकरी मुलांपुढे जुन्या बडोदे राज्याच्या नवलकथा सांगावयाच्या होत्या. विषयांची यादीही त्यांनीच करून ठेवलेली : मल्हाररावांच्या सोन्याच्या तोफा, खंडेरावांचा मोत्यांचा गालिचा, लक्ष्मीविलास राजवाडा. मी यादी वाचली आणि म्हटले, "यात मौलाबक्ष कुठे आहेत?" गृहस्थ भले, मराठी, चार पिढ्यांचे बडोदेकर. त्यांनी अगदी निर्मळपणे विचारले, "मास्तर, ते कोण?"

त्यांना दोष देत नाही. आपल्या राज्याचे मोठेपण आपण तोळ्या-माशांनी मोजत आलो. गालिच्याचेच घ्या. २००९ साली दोहा येथे त्याचा लिलाव झाला, तेव्हा त्याची किंमत ज्याच्या त्याच्या तोंडी झाली. पण एका हिंदू राजाने तो मदिनेला पैगंबरांच्या कबरीवर अर्पण करण्यासाठी करविला असे सांगतात, हे कितीजणांनी आपल्या मुलांना सांगितले? मला विचाराल तर मोत्यांपेक्षा नवल हेच.

तर मौलाबक्ष. हे उत्तरेकडचे गवई. दक्षिणेत म्हैसूरला जाऊन तिकडचे कर्नाटक संगीत त्यांनी आत्मसात केले, स्वतःची स्वरलिपी बसविली आणि सयाजीराव महाराजांच्या आश्रयाने १८८६ साली बडोद्यात गायनशाळा उघडली. पंडित विष्णु दिगंबर पलुस्करांनी लाहोरला गांधर्व महाविद्यालय स्थापिले ते १९०१ साली, म्हणजे यानंतर पंधरा वर्षांनी. ज्या काळी उस्ताद एखादी चीज पोटच्या पोरालाही हात राखून देत, त्या काळी सरकारी खर्चाने, फळा-खडू घेऊन, कोणाच्याही मुलाला सारेगम शिकविण्याचा हा उद्योग होता. त्यांचा एक मुलगा राज्याच्या खर्चाने लंडनच्या रॉयल अ‍ॅकॅडमीत पाश्चात्य संगीत शिकून आला. त्यांच्या मुलीचा मुलगा इनायत खाँ येथेच १८८२ साली जन्मला, याच शाळेत वाढला आणि १९१० साली वीणा घेऊन पश्चिमेकडे गेला. सूफी उपदेशक म्हणून युरोप-अमेरिकेत त्यांचे नाव आजही आदराने घेतात. बडोद्यात मात्र त्यांचे घर विचारीत येतो तो बहुधा परदेशी पाहुणा!

माझे वडील दरबारचे तबलजी. विलीनीकरणापूर्वी अवघी दोन-तीन वर्षे, विशीही न उलटलेल्या वयात, ते कलावंत कारखान्यात लागले होते. (मी त्यांचे उतारवयातले शेंडेफळ, म्हणून आज चाळिशीत असूनही हे सांगू शकतो.) 'कारखाना' या शब्दाला हल्लीची मुले हसतात. पण जसा फरासखाना, जसा शिलेखाना, तसेच हेही राज्याचे एक खाते. गवयांना पगार, रजा, आणि गैरहजेरीबद्दल दंड! १८९९ साली तर या खात्याचे नियमच छापून निघाले. कलावंताला कारकुनाच्या रांगेत बसविले म्हणून पुष्कळांनी नाके मुरडली असतील. नाना मात्र म्हणत, "अरे, राजाची मर्जी फिरली की उपाशी राहायचे, त्यापेक्षा दंड परवडला. दंड होतो त्याला पगारही असतो."

गायनशाळेबद्दल मात्र नानांचे मत कडू होते. "गाणे कागदावर उतरते, गळ्यात चढत नाही," असे ते म्हणत. मी वीस वर्षे कागदावरूनच शिकवीत आलो, तेव्हा हा टोला मला कायमचा बसलेला आहे. आणि एका अर्थी ते खरेही आहे. फैयाझखाँसाहेबांसारखा गवई शाळेने घडविला नव्हता. तो आग्रा घराण्याच्या तालमीत तयार होऊन आला. राज्याने त्यांना पोसले, मान दिला, आणि लखनौच्या मॅरिस कॉलेजामुळे पुढे नावारूपाला आलेल्या श्रीकृष्ण रातंजनकरांना शिष्यवृत्ती देऊन त्यांच्यापुढे शिकायला बसविले. पण नाना एक गोष्ट विसरत. खाँसाहेब गाताना समोर जे दर्दी बसत, समेवर ज्यांची मान नेमकी हाले, त्यांतले कितीतरी कारकून, वैद्य, मास्तर याच शाळेच्या बाकांवरून उठून गेलेले होते. शाळेने फार गवई केले नसतील, पण तिने ऐकणारे केले. पहिली अखिल भारतीय संगीत परिषद भातखंड्यांनी १९१६ साली भरविली ती बडोद्यातच. असे श्रोते असलेले गाव त्यांना सोयीचे वाटले असल्यास नवल नाही.

आणखी एक गोष्ट मराठी मंडळींनी ऐकावी. चिमणाबाई पहिल्या तंजावरच्या. १८८० साली त्या लग्न होऊन आल्या, त्यांच्याबरोबर तंजावरच्या नर्तकींचा ताफा आला, आणि भरतनाट्यमचे नाव इकडे कोणाला ठाऊक नसताना तो नाच बडोद्याच्या दरबारात होऊ लागला. किंवा हिराबाई बडोदेकर. त्यांचा जन्म मिरजेचा. वडील अब्दुल करीम खाँ बडोदे दरबारचे गवई, आई ताराबाई येथल्या माने सरदारांच्या घरातल्या. दोघांनी बडोदे सोडले. गावाने काही त्यांना निरोपाचा हार घातला नव्हता. तरी मुलीने नाव लावले ते बडोद्याचेच!

'आमच्या गायकवाडांचे राज्य' असे आपण छाती काढून म्हणतो. महाराज आपले, हे ठीक. पण त्या राज्यात जे सूर घुमले ते हरियाणा, आग्रा, किराणा, तंजावर येथून आलेल्यांचे होते, आणि त्यांतले बहुतेक मुसलमान होते. हे वगळून नवलकथा सांगायच्या तर उरतात त्या तोफा.

फैयाझखाँसाहेब ५ नोव्हेंबर १९५० रोजी याच शहरात गेले. नाना त्या दिवशी अंत्ययात्रेत चालले होते. त्यांच्या कबरीची २००२ च्या दंगलीत नासधूस झाली. पुढे ती दुरुस्तही झाली. नाना तेव्हा हयात होते. वर्तमानपत्र त्यांनी घडी घालून बाजूला ठेवले, तबल्याची गवसणी काढली, पण वाजवायला काही बसले नाहीत. संध्याकाळपर्यंत नुसते शाईवरून बोट फिरवीत राहिले.

त्या संस्थेत मी गेलो. तोफा पाच मिनिटांत आटोपल्या आणि उरलेला वेळ मौलाबक्षांना दिला. एका मुलीने विचारले, "सर, फैयाझखाँसाहेबांची कबर बघायला मिळते का?" येत्या ५ नोव्हेंबरला सकाळी आठ वाजता माझ्या वर्गातली मुले घेऊन मी तिकडे जाणार आहे. ती मुलगी आईला घेऊन येते म्हणाली आहे. आणखी कोणास यावयाचे असेल त्यांनी यावे. सोबत एक तंबोरा असेल.